'वैतरणा' आगबोटीचा अंत

'वैतरणा' ही प्रवासी आगबोट १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथे बांधण्यात आली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या मालकीची ही बोट कच्छमधील मांडवी व मुंबई या बंदरांदरम्यान फेऱ्या करी. तिच्या यंत्रात दोन सिलिंडर होते. पहिल्यातून बाहेर पडलेली वाफ दुसऱ्यात पुन्हा कामास येई, त्यामुळे कोळशाची बचत होई. बोटीवर विजेचे दिवे असल्याने लोक तिला 'वीजळी' म्हणत.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून मुंबईस निघाली. प्रवाशांत लग्नाची वऱ्हाडे होती, तसेच मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेस निघालेले विद्यार्थीही होते. द्वारका सोडल्यावर हवा बिघडली. पोरबंदरास बोट थांबली नाही. त्यानंतर काठेवाडच्या किनाऱ्यालगत चक्रीवादळात ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली.

पावसाळा सरल्यावर अरबी समुद्राचे पाणी उबदार असते. त्यावरील बाष्प उंच चढून थंडावले म्हणजे उष्णता बाहेर पडते, हवेचा दाब उतरतो आणि वारे केंद्राभोवती वेगाने फिरू लागतात. अशा वादळाची सूचना भर समुद्रातील बोटीस देण्याचे साधन तेव्हा नव्हते, कारण बिनतारी संदेशयंत्रणा अद्याप जन्मास यावयाची होती.

शोधासाठी आगबोटी पाठविण्यात आल्या, परंतु अवशेष सापडले नाहीत. सरकारी चौकशीत असे आढळले की, बोटीवर जीवरक्षक होड्या व जाकिटे पुरेशी नव्हती. विजेच्या दिव्यांनी बोट उजळली होती. परंतु संकटकाळी प्रवाशांचे प्राण वाचविणारी साधी साधने तिच्यावर अपुरी होती.