जुन्या डॅशबोर्डात नवी गाणी

30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003ची होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि काळ्या-पिवळ्या रंगातली ही गाडी थांबली. खासगी पद्मिनी मात्र अजून जपल्या जातात. भिवंडीकरांना ही गाडी परकी नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला आणि नंतरचा डोंबिवलीला, म्हणजे भिवंडीपासून दोन्ही फार लांब नाहीत. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेल्या या गाडीला 1974मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. त्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे.

अशी जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिन बांधून झालं, पत्रा-रंग झाला, सीटची कव्हरं शिवून आली की मालकापुढे हमखास एक प्रश्न उभा राहतो: रेडिओचं काय करायचं? सजावटीच्या दुकानात उत्तर तयार असतं. जुना सेट काढा, नवा बसवा. अडचण अशी की आजच्या साध्या सेटचं तोंड 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच असतं. जुन्या रेडिओला मात्र दोन दांड्यांसाठी दोन भोकं आणि मधे काट्याच्या पट्टीपुरती खाच एवढीच जागा लागे. नवा सेट बसवायचा तर डॅशबोर्डाचा पत्रा कापावा लागतो, आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. गाडीवर जीव असणाऱ्याने ही करवत लांबच ठेवावी, कारण तिची गरजच नाही. गाणी फोनवरची आणि आवाज जुन्या सेटचा, हे सहज जमतं.

त्यासाठी आधी तो सेट समजून घ्यायला हवा. भारतात एफएम प्रक्षेपण 1977 साली मद्रासला सुरू झालं आणि मुंबईत ते रुजायला नव्वदचं दशक उजाडलं. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाडीतला रेडिओ प्रामुख्याने मीडियम वेव्हचा. तो ऐकण्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे; गाडीतल्या रेडिओचीही त्यातून सुटका नव्हती. अशा सेटसमोर लायटरच्या खोबणीत बसणारा, चायना बाजारातला एफएम ट्रान्समीटर निरुपयोगी आहे. सेटला एफएम ऐकूच येत नाही. पुढच्या काळातल्या एफएम सेटवर तो चालतो. पण भिवंडीपर्यंत मुंबईची 91.1, 92.7, 93.5, 94.3, 98.3 अशी स्टेशनं खणखणीत पोचत असल्याने मोकळी जागा शोधावी लागते आणि नाक्यागणिक खरखर डोकावते.

कॅसेटचा टेप असेल तर काम सोपं. ऐंशीच्या दशकात पोर्टेबल सीडी प्लेअर आले आणि त्यांच्यापाठोपाठ कॅसेट अडॅप्टरही आलं. दिसायला ही कॅसेटच, फक्त आत फीत नसते. फितीच्या जागी एक छोटं हेड असतं आणि ते टेपच्या हेडला अगदी चिकटून बसतं. फोनमधून आलेला विद्युतप्रवाह या हेडमध्ये बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि टेपचं हेड ते फितीवरचं गाणं समजून वाचतं. आतली दातेरी चाकं केवळ फिरण्यासाठी असतात. ती थांबली तर टेपला वाटतं कॅसेट संपली, आणि तो ती बाहेर टाकतो. म्हणून आधी टेपची यंत्रणा धड हवी. कोकणपट्टीच्या दमट हवेत रबरी बेल्ट चिकट होऊन लोळागोळा होतात. बेल्ट बदलावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसावं, मग अडॅप्टरला दोष द्यावा.

सगळ्यात समाधान देणारा उपाय मात्र सेटच्या पोटात आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल उलटा करून पाहिला तर तीन पाय दिसतात. एक अर्थला, मधला अॅम्प्लिफायरकडे जाणारा, आणि तिसऱ्यावर रेडिओने पकडलेला आवाज येतो. फोनचा आवाज सोडायची जागा हाच तिसरा पाय. फोनचे डावा आणि उजवा असे दोन मार्ग थेट जोडू नयेत. प्रत्येकात काही किलोओहमचा एक रेझिस्टर घालून ते एकत्र आणावेत आणि पुढे एक कंडेन्सर लावावा, म्हणजे सेटमधला डीसी फोनकडे येत नाही. मधे खटक्याचा 3.5 मिलिमीटरचा जॅक बसवला तर पिन घालताच रेडिओची वाट तुटते, काढताच ती पुन्हा जुळते. जॅक ग्लव्ह बॉक्समध्ये लपतो. काटा, बटणं, दर्शनी काच यांना धक्का लागत नाही, आणि मूळच्या स्पीकरमधून येणारा तो गोलसर, मध्यम पट्टीचा आवाज कायम राहतो. जुन्या मराठी भावगीतांना तो काय शोभतो!

व्हॉल्व्हच्या सेटला मात्र हात लावू नये. त्यात बॅटरीच्या 12 व्होल्टचे शे-दोनशे व्होल्ट केलेले असतात; तिथे जाणकारच हवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. तिथे आजच्या सवयीने वायर जोडली तर ब्लूटूथचं मॉड्यूल तत्काळ जळतं. भिवंडीत गोदामांमुळे ट्रकचं विजेचं काम करणारे पुष्कळ. पण मोठे ट्रक 24 व्होल्टचे असतात, तेव्हा तिथून कन्व्हर्टर घेताना त्यावरचे आकडे वाचून घ्यावेत.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ही या कामातली नेहमीची तक्रार. फोन गाडीवरच चार्ज होत असताना त्याची आणि सेटची अर्थ दोन वाटांनी जुळते आणि अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमध्ये शिरतो. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर घातला की ती शीळ बहुतेक वेळा थांबते. 2016च्या आयफोन 7पासून फोनमधून हेडफोनचं भोकच जाऊ लागलं, त्यामुळे आता जॅकऐवजी ब्लूटूथचं मॉड्यूल आत बसवण्याकडे कल आहे. त्यालाही वेगळा, आयसोलेटेड वीजपुरवठा दिलेला बरा.

1995पासून पुण्यात जोडल्या गेलेल्या ई-क्लास मर्सिडीजसारख्या गाड्यांचं गणित निराळं. त्या काळातल्या अनेक सेटच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी सॉकेट असतं. चेंजर जोडला आहे असा खोटा निरोप देणारं छोटं सर्किट तिथे लावलं की फोन थेट जोडता येतो, एकही वायर न कापता. परदेशात कंपन्यांनीच यात लक्ष घातलं आहे: पोर्शेने 2020मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या घाटाचा, पण आतून नवा सेट बाजारात आणला.

सरकारचे 2021चे नियम पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज मानतात, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक देतात आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालवून घेत नाहीत. रेडिओत घातलेला जॅक त्यात येत नाही. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून काम करणाऱ्या मेकॅनिककडून एक गोष्ट जरूर करून घ्यावी: कोणती वायर कुठे तोडली, कोणता रेझिस्टर कुठे घातला, याचा आराखडा कागदावर काढून तो सेटच्या झाकणाच्या आत चिकटवावा. दहा वर्षांनी झाकण उघडणारा मेकॅनिक दुसराच असेल.