दुखणं बसायच्या जागेचं, निदान घरातलं

गुदद्वाराशी ठणका लागला की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. मग मलम, ताक, इसबगोल. बहुतेकदा ती मूळव्याध किंवा फिशरच असते. पण त्याच जागच्या ग्रंथींत जंतू साचून गळूही होतं. क्वचित, विशेषतः साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यांत, ते त्वचेखालच्या पडद्यांवरून जननेंद्रियांकडे, पोटाच्या भिंतीकडे पसरतं आणि वाटेतला भाग सडवत जातं. हे फोर्निअर्स गँगरीन.

पॅरिसचे डॉक्टर फोर्निए यांनी १८८३ साली तरुण, धडधाकट पुरुषांमधल्या रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा कारण सापडलं नव्हतं. आज बहुतेकांत ते सापडतं: गुदमार्ग, मूत्रमार्ग किंवा त्या भागातली त्वचा. हा गुप्तरोग नाही. पुरुषांत जास्त दिसतो, पण बायकांनाही होतो. लाजेपायी तपासणी टाळली की त्याचं फावतं.

‘वर नुसतं लाल दिसतंय’ हा समज घातक. सडणं आधी आत सुरू होतं, कातडी शेवटी काळवंडते. दिसतंय त्याच्या मानाने वेदना फार, सोबत ताप, सूज झपाट्याने वाढणारी, आणि बोटाने दाबल्यावर कातडीखाली कुरकुर (जंतूंनी सोडलेला वायू), एवढ्यावर सर्जन सावध होतो. पुढे नसा मरतात आणि ठणका ओसरतो. घरचे म्हणतात, उतार पडला. खरं तर आजार पुढे गेलेला असतो.

अँटिबायोटिक लागतंच, पण एकट्याने भागत नाही. सडलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात; औषध पोचणार कसं? मेलेला भाग कापून काढावाच लागतो, बहुधा एकाहून अधिक वेळा. उपचार होऊनही बरेच रुग्ण दगावतात, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो.

मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये या आजाराचा इशारा दिला. धोका दुर्मीळ आहे. गोळी परस्पर बंद करू नये, पण त्या जागी दुखणं, लाली, सूज आली तर लगेच दाखवावं.

पोटातला बिघाड पोटातच राहतो, हेही खरं नाही. अपेंडिक्स किंवा मोठं आतडं मागच्या बाजूने फुटलं, तर पू कमरेच्या स्नायूवरून जांघेत, मांडीत उतरू शकतो. पोट फारसं दुखत नसतं, माणूस लंगडत येतो. इजा नसताना मांडीत वायू भरलेला संसर्ग दिसला, तर आतडं तपासायचं. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जंतू सापडला, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे का, हेही पाहतात.

फोर्निअर्समध्ये मेलेला भाग काढल्यावर जखमेला मळ लागू नये म्हणून काहींना शौचाचा मार्ग पोटावरच्या पिशवीत वळवतात. त्या नावानेच नातेवाईक हबकतात. पण यात ती पिशवी बहुधा तात्पुरती असते. जखम भरली की आतडं पुन्हा जोडतात.