बर्फातले पाच वॉट

डिसेंबर १९२१. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रॉसन गावाबाहेरच्या एका ओल्या शेतात तंबू ठोकला होता. आत पॉल गॉडली कानांना हेडफोन लावून रात्रीमागून रात्री जागत होते. बाहेर खांबांवरून शेकडो फूट लांब तार ताणलेली होती आणि समुद्रावरून येणारा वारा तंबूला धडका देत होता. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी रेडिओचालकांच्या संघटनेने गॉडलींना मुद्दाम जहाजाने तिथे पाठवलं होतं, ते एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. अमेरिकेतल्या हौशींचे छोटे प्रक्षेपक अटलांटिक ओलांडून ऐकू येतात का?

त्याच वर्षी फेब्रुवारीत असा एक प्रयत्न फसला होता. या खेपेला मात्र दोन डझनांहून अधिक अमेरिकन केंद्रं गॉडलींच्या कानी पडली. त्यांपैकी कनेटिकटमधल्या ग्रिनिच गावातल्या ‘वन-बीसीजी’ या केंद्राचा आख्खा संदेश त्यांनी उतरवून घेतला. तरंगलांबी साधारण २३० मीटर, अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. ते केंद्र उभारणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग होते आणि गॉडलींच्या तंबूतला एक रिसीव्हर आर्मस्ट्राँग यांच्याच सुपरहेटरोडाइन पद्धतीचा होता. हौशींच्या वाट्याला तेव्हा दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरी आल्या होत्या, त्या दूरच्या संदेशांना निरुपयोगी आहेत या समजुतीपोटी. त्या समजुतीला तडा गेला तो एका गारठलेल्या तंबूत.

ही चाचणी ऐन थंडीत घेतली, त्यामागे विचार होता. या तरंगलांबीच्या लहरींचे, म्हणजे मध्यमलहरींचे, दोन मोठे शत्रू आहेत. पहिला विजेचा कडकडाट. एका विजेतून निघालेली रेडिओ-खरखर हजारो किलोमीटर पसरते. उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा गडगडाटी वादळांचा मुक्काम विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेतलं आकाश शांत असतं. दुसरा शत्रू म्हणजे जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, ‘डी’ थर. सूर्यप्रकाशात तो तयार होतो आणि मध्यमलहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की विरतो. हिवाळ्याची रात्र लांब, म्हणजे हा शत्रू जास्त वेळ गैरहजर. थंडी माणसाला छळते, पण लहरींना वाट मोकळी करून देते, ही गोष्ट रेडिओवाल्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आज स्कॉटलंडच्या हिवाळ्यात उघड्यावर बसलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, बहुधा एखाद्या डोंगरमाथ्यावर भेटतो. ‘समिट्स ऑन द एअर’ म्हणजे सोटा हा उपक्रम २ मार्च २००२ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि नंतर जगभर पसरला. शेवटची चढण पायी चढायची, सगळं सामान स्वतः वाहायचं, वीज बॅटरीची किंवा सौर पॅनेलची वापरायची. इंधनावरचा जनरेटर चालत नाही. वर किमान चार जणांशी संपर्क झाला तरच गुण मिळतात. उंचीप्रमाणे एका शिखराला एक ते दहा गुण असतात. ठरावीक उंचीवरच्या शिखरांना हिवाळ्यात तीन गुण जास्त. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचं, त्याचे दहा गुण, थंडीत तेरा.

हे तीन गुण त्रासाची भरपाई म्हणून दिलेले असले, तरी दिवसाच्या उजेडात हिवाळी आकाश आणखी एक देणगी देतं. लघुलहरींना परत जमिनीकडे वळवणारा ‘एफ-टू’ थर अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर असतो. सूर्य कमी तळपतो तेव्हा हा थर विरळ व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. पण मध्य अक्षांशांत हिवाळ्याच्या दुपारी तो उन्हाळ्यापेक्षा जास्त दाट असतो. ऋतुमानानुसार वाहणारे उच्च वातावरणातले वारे उन्हाळी गोलार्धातून हिवाळी गोलार्धाकडे जातात आणि तिथे नायट्रोजनच्या तुलनेत अणुरूप ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतात. नायट्रोजनचे रेणू कमी, म्हणून सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा बांधले जायला वेळ लागतो आणि त्यांची संख्या वाढते. सौरडागांचं चक्र शिखरावर असेल त्या वर्षांत हिवाळी दुपारी २८ मेगाहर्ट्झवर स्कॉटलंडहून अमेरिकेशी बोलायला पाच वॉट पुरतात. एका साध्या एलईडी दिव्याइतकी ही शक्ती! शिवाय माथ्यावर अॅडॅप्टर, चार्जर, इन्व्हर्टर यांची विद्युत-खरखर नसते. शहरातल्या हॅमला कधीच न मिळणारी ही चैन आहे.

स्थिर, थंड, जास्त दाबाच्या हवेत आणखी एक दार उघडतं. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असा उलटा थर बसला की १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी त्याच्याखाली वाकत-वाकत क्षितिजापलीकडे जातात. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे धूर जमिनीलगत तरंगत राहतो, तो अशाच उलट्या थरामुळे.

आता खाली उतरून सामानाकडे पाहायला हवं, कारण थंडीचा खरा मारा तिथेच होतो.

बॅटरी म्हणजे रासायनिक क्रिया, आणि गारठ्यात ती मंदावते. अंतर्गत रोध वाढतो. ऐकताना रेडिओ फार कमी प्रवाह ओढतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पाच वॉटवर बोलायला बटण दाबताच प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास जातो, व्होल्टेज एकदम पडतं आणि संच बंद होतो. अर्धी ऊर्जा आत शिल्लक असते, पण बाहेर निघत नाही. म्हणून जाणकार बॅटरी पाठपिशवीत ठेवत नाहीत, जॅकेटच्या आत अंगाशी धरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या शून्याखालीही वीज देतात, पण शून्याखाली त्या चार्ज करणं घातक. लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतात, आणि हे नुकसान भरून येत नाही. बर्फावर ऊन लख्ख असतं म्हणून सौर पॅनेल जोडण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो.

पडद्यावरचे आकडेही सुस्तावतात. त्यातलं द्रवस्फटिक गारठून दाटतं आणि कंप्रता बदलल्यावर जुना आकडा क्षणभर रेंगाळतो. बोटांचंही तसंच. मोर्सच्या टिंब-रेघा चुकू लागल्या की हात बधिर होत असल्याची ती पहिली खूण असते. तरी मोर्स सोडवत नाही. बोलण्याला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो; मोर्स दीडशे-तीनशे हर्ट्झच्या गाळणीतून ऐकता येतं. आत शिरणारी खरखर आठ ते सोळा पटींनी कमी, म्हणजे तोच क्षीण संकेत कितीतरी स्पष्ट. थंडी बाकीच्या अंगालाही सोडत नाही. चढताना घामेजलेला माणूस वर तासभर निश्चल बसतो, हे हिवाळी डोंगरात धोक्याचं वागणं आहे. कोरडा बदली कपडा आणि डोक्यावरून ओढून घ्यायची वाराबंद थैली ही इथे अँटेनाइतकीच महत्त्वाची उपकरणं आहेत.

अँटेनाचा खांब म्हणजे मासेमारीची फायबरग्लासची सरकती काठी. कार्बनची नको, ती विद्युतवाहक असते. काठीच्या सांध्यांत शिरलेलं पाणी गोठलं की ती मिटत नाही. बर्फात खुंटी धरत नाही, म्हणून ताणदोऱ्या बर्फात पुरलेल्या काठ्यांना बांधतात. मात्र कोरडा बर्फ अँटेनाचा मित्र आहे. त्यात बहुतांश हवाच असते आणि तो रेडिओऊर्जा फारशी शोषत नाही. ओली माती शोषते. कोरड्या हिमावर नुसती पसरलेली तारही काम देते, हे ध्रुवीय मोहिमांनी दाखवून दिलं आहे.

उडणारा बर्फ मात्र वैरी. वाऱ्यावर घासत जाणारे हिमकण विद्युतभारित होतात आणि तारेवर आपटताना भार तिच्यावर सोडतात. कानात एकसारखा सूत्कार भरतो, तार हातात घेतली तर झटका बसतो. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामान वेधशाळा होती. भर वादळात दर तासाला नोंदी घेणाऱ्या तिथल्या निरीक्षकांनी विद्युतभारामुळे टोकदार वस्तूंवर चमकणारी ‘सेंट एल्मोची आग’ नोंदवून ठेवली आहे. असा सूत्कार वाढत गेला तर तो नुसता त्रास समजू नये. अँटेना खाली घेऊन निघायची वेळ आली, असं मानावं.

वेळेचा हिशोबही कडक. डिसेंबरच्या मध्यात बेन नेव्हिसला सात तासांहूनही कमी दिवस असतो, पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याआधीच ‘एफ-टू’ थर विरळ होऊ लागतो, आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ वर गेल्यास परत न येता अवकाशात निघून जातात. दुपारी ठणठणीत ऐकू येणारी इंग्लंडची केंद्रं एकेक करून नाहीशी होतात. त्याच पट्ट्यावर दूरची मात्र येऊ लागतात. चार संपर्क पुरे व्हायचे असतील तर जवळच्यांना दुपारीच गाठावं लागतं, नाहीतर ५ किंवा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरून जास्त लांब तार बांधावी लागते. अंधारात, बधिर बोटांनी.

हा सगळा खटाटोप केवळ गुणांसाठी नाही. अमेरिकेत १९३३ पासून जूनमध्ये ‘फील्ड डे’ होतो. हौशी मैदानात जाऊन आणीबाणीच्या संदेशवहनाचा सराव करतात. पण संकट काही जून बघून येत नाही. म्हणून तिथे जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारी ‘विंटर फील्ड डे’ही होतो. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूजला भूकंप झाला, दूरध्वनी कोलमडले आणि हॅम संच घेऊन कच्छमध्ये पोहोचले. कुठे काय हवं आहे याचे निरोप बॅटरीवर चालणाऱ्या त्या संचांवरून गेले.