यादीत नसलेला अव्वल मल्ल

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी उघडली की पहिल्याच ओळीत आपले शहर भेटते. १९६१, औरंगाबाद, दिनकर दह्यारी. राज्य स्थापन होऊन वर्षच उलटलेले, निजामाच्या अमलातून सुटलेला मराठवाडा अजून नव्या घरात स्थिरावत होता, आणि कोल्हापूर-सांगलीच्या तालमींचा हा खेळ थेट आपल्या दारात आला. पुढे २००७ मध्ये हा किताब पुन्हा इथेच रंगला आणि सांगली जिल्ह्यातल्या चंद्रहार पाटीलने तो नेला. दरम्यान लातूर, बीड, नांदेड, जालना इथेही अधिवेशने झाली. त्यामुळे 'सर्वांत मोठा मल्ल कोण' हा वाद मराठवाड्यालाही परका नाही. चहाच्या टपरीवर तो सुरू झाला की उत्तर बहुधा या किताबाच्या गदा मोजून दिले जाते. माझा आक्षेप त्या मोजणीलाच आहे.

गदाच मोजायच्या तर निकाल सोपा आहे. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे किताब घेतला. लगेच चाळीसगावकडच्या विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षे घेतला. दोघे बरोबरीत पहिले, वाद मिटला. पण मग ज्यांच्या नावाने महाराष्ट्राची कुस्ती ओळखली जाते त्यांचे काय? हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्य जिंकणारे खाशाबा जाधव या यादीत नाहीत, मारुती माने नाहीत, गणपतराव आंदळकरही नाहीत. खाशाबांना इथे बाजूला ठेवू. ते ५७ किलोचे मल्ल. वजनदार गड्यांच्या पंक्तीत त्यांना बसवणे हा दोघांवरही अन्याय होईल, आणि एका ऑलिम्पिक पदकापुढे बाकीची चर्चा तशीही लहान पडते.

वजनदार गटात मात्र आंदळकरांचे नाव टाळून पुढे जाताच येत नाही. शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावचा १९३५ सालचा जन्म, घडण कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. १९६० साली मुंबईत ते हिंदकेसरी झाले. यादीत त्यांचे नाव का नाही, याचे उत्तर मला या सनावळीतच दिसते. औरंगाबादला दह्यारींनी किताब घेतला तेव्हा आंदळकर देशपातळीवरचा मान आधीच घेऊन बसले होते. वरची पायरी चढलेला मल्ल खालच्या पायरीसाठी शड्डू कशाला ठोकेल? म्हणजे ज्या यादीवरून आपण थोरवी ठरवतो, ती यादी तिच्या सुरुवातीच्या काळातल्या सर्वांत मोठ्या मल्लाला वगळूनच सुरू होते.

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा हा या सगळ्या हिशेबाचा कणा आहे. आंदळकरांनी तिथे सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण घेतले आणि फ्रीस्टाइलचे रौप्य. त्यांच्या खालच्या, ९७ किलोच्या गटात कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी नेमके उलटे केले, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्यातले दोन गडी, एका स्पर्धेत दोन सुवर्णे आणि दोन रौप्ये.

यातले ग्रीको-रोमनचे सुवर्ण मला जास्त मोलाचे वाटते. या प्रकारात कमरेखाली पकड घ्यायला मनाई. लाल मातीत वाढलेल्या मल्लाचे निम्मे शस्त्रागार पटात असते. एकेरी पट, दुहेरी पट, पाय लावून मारायचे डाव, सगळे इथे बाद. उरते ती छातीला छाती भिडवून उचलण्याची ताकद आणि कमरेवरचा कस. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती चाले, इथे घड्याळ आणि गुण. ज्या प्रकाराचा सराव आपल्या तालमींत जवळजवळ नव्हताच, त्यात सुवर्ण काढणे म्हणजे निव्वळ अंगबळ नाही, शिकण्याची तयारीही आली. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, ते टोकियो ऑलिम्पिकला गेले. पदक आले नाही. अर्जुन पुरस्कार मात्र त्याच वर्षाचा.

आता उलटी बाजू. जकार्त्याला इराणचा संघ नव्हता. त्या काळी इराणचे पहिलवान जगातल्या अव्वल मल्लांत गणले जात. ते असते तर सुवर्ण आलेच असते असे छातीठोक म्हणता येणार नाही. थोरवी ठरवताना हे लपवू नये. मुष्टियुद्धातही हाच वाद चालतो. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला आणि एकही हरला नाही, तरी १९५१ मध्ये त्याने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा आणि उतरणीला लागलेला होता, हे कोणी विसरत नाही. त्याच लुईने १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा अजिंक्यपद राखले. म्हणून कित्येक जाणकार एकही हार नसलेल्या मार्सियानोला लुईच्या खाली ठेवतात. समोर कोण होते आणि किती काळ होते, हे नुसत्या आकड्यापेक्षा जास्त बोलते.

या कसोटीवरही आंदळकर टिकतात, कारण त्यांची कारकीर्द जकार्त्यापुरती नव्हती. सादिक पंजाबीसारख्या पाकिस्तानातून येणाऱ्या नामांकित मल्लांशी त्यांनी कुस्त्या केल्या, आणि खेळ थांबवल्यावर मोतीबाग सोडली नाही. दादू चौगुले आणि चंबा मुत्नाळ हे त्यांच्याच हाताखाली घडले. मुत्नाळांचे १९६७ आणि १९६८, चौगुल्यांचे १९७० आणि १९७१. स्वतः यादीत नसलेल्या वस्तादाच्या शिष्यांची चार वर्षे यादीत आहेत. चौगुल्यांनी पुढे १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत सर्वांत वजनदार गटात रौप्यही आणले.

त्या चार वर्षांच्या मधोमध, १९६९ च्या ओळीत, लातूरचे अधिवेशन आणि हरिश्चंद्र बिराजदार हे नाव येते. इथे माझा मराठवाडी पक्षपात उफाळून येतो, हे कबूल. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मुलगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाला आणि आपल्याच जिल्ह्यात महाराष्ट्र केसरी झाला. पुढच्याच वर्षी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मराठवाड्यातून असा मल्ल त्याआधी निघालेला नव्हता. तरीही मल्ल म्हणून मी त्यांना आंदळकर आणि माने यांच्या खाली ठेवतो. राष्ट्रकुलचे मैदान तेव्हा आशियाई मैदानाइतके कठीण नव्हते. इराण नसला तरी जकार्त्याला जपान होता, पाकिस्तान होता.

पण बिराजदार मामांचे खरे मैदान पुण्याची गोकुळ वस्ताद तालीम ठरली. काका पवार तिथे घडले आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पोरवयात मामांकडेच आला, त्यांच्या निधनानंतर काकांकडे राहिला, २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम कुस्तीला उभे राहिले, तेव्हा दोघेही काका पवारांचे पठ्ठे होते. मराठवाड्याच्या पोराला कुस्तीसाठी पुण्यात हक्काचे घर मिळाले ते मामा या एका माणसामुळे. मामा २०११ मध्ये गेले.

मग तीन-तीन गदावाले कुठे? नरसिंगचे २०१० चे दिल्ली राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१५ चे जागतिक कांस्य ही दोन पदके त्याच्या तीन गदांपेक्षा वजनदार आहेत. रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीचे प्रकरण आणि चार वर्षांची बंदी आली नसती तर हा लेख वेगळा झाला असता. विजयचे सातत्य निर्विवाद, पण देशाबाहेरचा कस कमी लागला. आणि आता तर दोन संघटनांत किताबाचीच फाळणी झाली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे, असे दोन महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. शिवाय अहिल्यानगरला पंचांशी झालेला राडा आणि राक्षे, महेंद्र गायकवाड यांच्यावरची बंदी. उद्या कुणी पाच गदा मिळवल्या तरी त्या कुठल्या संघटनेच्या, असा पहिला प्रश्न येणार.

तेव्हा माझी क्रमवारी अशी. वजनदार मल्लांत पहिले गणपतराव आंदळकर, अर्ध्या पावलाने मागे मारुती माने, मग हरिश्चंद्र बिराजदार, त्यांच्या पाठोपाठ दादू चौगुले, आणि नंतरच्या पिढीतला नरसिंग पाचवा. वाद घालायचाच असेल तर तिसऱ्या-चौथ्या जागेवर घाला, तिथे कोल्हापूरकरांचे म्हणणे ऐकायला मी तयार आहे. पहिल्या जागेवर नाही.