अश्मरी, ग्रहणी आणि बीजदोष

सुश्रुताचार्यांनी अश्मरीची गणना अष्टमहागदांत केली आहे. तरीही मुतखड्याचा रुग्ण समोर आला की आपली लेखणी पाषाणभेद, गोक्षुर, वरुण यांकडे आपोआप वळते; कोष्ठाची आणि कुळाची चौकशी मात्र राहून जाते. या दोन प्रश्नांकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी क्रोन्स रोगामुळे लहान आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेला एक रुग्ण माझ्याकडे वारंवार होणाऱ्या मुतखड्यासाठी येत असे. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणून मी त्याचे दूध व ताक बंद केले. वर्षभरात खडे कमी न होता वाढले. चूक माझीच होती. व्याधीचे मूळ आतड्यात होते आणि मी उपचार केवळ मूत्रवह स्रोतसाचा करीत होतो.

आहारातील ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमशी बांधले जाते व मलावाटे बाहेर पडते. स्नेहाचे शोषण बिघडल्यास न शोषली गेलेली मेदाम्ले हे कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतात. मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि मूत्रात उतरते. त्यातच द्रवमलामुळे मूत्र अल्प व घन होते, तसेच खडा रोखणारे सिट्रेटही घटते. अशा रुग्णाचे कॅल्शियम तोडणे म्हणजे खड्यास आमंत्रणच होय. त्यास जेवणासोबत कॅल्शियम, मर्यादित स्नेह व भरपूर जल हवे. पालक, अळू यांसारखे ऑक्झलेटयुक्त पदार्थ टाळावयास हवेत.

आता बीजदोषाचा विचार करू. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधी शुक्र-शोणितदोषजन्य सांगून कुष्ठ व अर्श ही उदाहरणे दिली आहेत. अश्मरीचा तेथे उल्लेख नाही. परंतु त्याच दृष्टीने पाहता आतडे व मुतखडा यांचे आनुवंशिक नाते दोन प्रकारचे दिसते.

पहिल्या प्रकारात जनुकदोष पचनसंस्थेस बाधतो व खडा हा त्याचा परिणाम असतो. क्रोन्स रोगाशी निगडित पहिले जनुक, एन.ओ.डी.२, २००१ साली ओळखले गेले. गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिअॅक रोगही आनुवंशिक प्रवृत्तीवर आधारलेला आहे. मात्र अशी प्रवृत्ती म्हणजे व्याधी नव्हे. ती असणाऱ्या बहुसंख्य व्यक्ती निरोगीच राहतात.

दुसऱ्या प्रकारात एकच जनुकदोष दोन्ही अवयवांत वसतो. सिस्टिन्युरियात सिस्टीन व काही अमिनो आम्ले वाहून नेणारे प्रथिन आतडे आणि वृक्क दोहोंत सदोष असते. आतड्याकडून तक्रार उद्भवत नाही, कारण ही द्रव्ये अन्य मार्गाने शोषली जातात. वृक्कात मात्र सिस्टीनचे खडे बनतात. सर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ साली जन्मजात चयापचय-दोषांत या व्याधीचा समावेश केला. तिची दोन जनुके अनुक्रमे १९९४ व १९९९ मध्ये सापडली.

या दोहोंपासून प्राथमिक हायपरऑक्झल्युरिया वेगळा ओळखावा. येथे आतडे निर्दोष असते. यकृतातील एका विकराच्या अभावी शरीर स्वतःच अतिरिक्त ऑक्झलेट निर्माण करते. दोष मातापित्यांकडून येतो, पण ते स्वतः निरोगी असतात. म्हणून नात्यातील, विशेषतः मामाच्या मुलीशी झालेल्या विवाहाची चौकशी अवश्य करावी. या व्याधीत केवळ मूत्रल औषधांवर काळ दवडल्यास बालकाचे वृक्क कायमचे निकामी होऊ शकतात. काही रुग्णांत ब-६ जीवनसत्त्व उपयुक्त ठरते. २०२० पासून त्याच्या पहिल्या प्रकारावर लुमासिरान हे औषधही मान्यताप्राप्त आहे.

तात्पर्य, बालवयात खडा, पुनःपुन्हा खडे, भावंडांत खडे किंवा दीर्घकालीन अतिसारासह खडा दिसल्यास पडलेल्या खड्याचे रासायनिक पृथक्करण व चोवीस तासांच्या मूत्राची तपासणी करावी, आणि वृक्करोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. अग्नीचे रक्षण हे आपले शास्त्र. परंतु बीजातील दोष दीपन-पाचनाने पालटत नाही, हे मान्य करणे हाही वैद्यधर्मच आहे.