मालक नाही, म्हणून जाब नाही?

विकिपीडियाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “त्याला कुणी धनीच नाही, मग जाब विचारायचा कुणाला?” शिक्षक म्हणतात, वकील म्हणतात, पत्रकारही म्हणतात. आता ते ऐकून राग येतो. कारण असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी लेखाच्या माथ्यावरचं ‘इतिहास पहा’ एकदा तरी उघडलेलं असतं.

ते उघडा. कोणत्या सदस्याने, कोणत्या तारखेला, किती वाजता, नेमका कोणता शब्द बदलला, हे सगळं तिथं दिसतं. प्रचालकांच्या बाबतीत तर आणखी. प्रचालक म्हणजे समुदायाने कौल देऊन नेमलेले बिनपगारी स्वयंसेवक. पान वगळणं, ते संपादनासाठी बंद करणं, एखाद्या सदस्यावर बंदी घालणं, हे त्यांचे अधिकार. अशी प्रत्येक कृती त्यांच्या सदस्यनावावर नोंदली जाते आणि ती नोंद खातं नसलेला वाचकही पाहू शकतो. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने कोणता निर्णय कुणाच्या सांगण्यावरून घेतला, हे इतकं उघड कधी दिसतं का?

“पण खरं नाव कुठं असतं?” बहुधा नसतं. कोर्टात ओळख लागते, हे मान्य. पण प्रचालकाचे अधिकार काढून घ्यायला आधार कार्ड लागत नाही. त्याने केलेल्या कामाची नोंद पुरते.

वरच्यांनाही जाब द्यावा लागतो. सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २०१० मध्ये विकिपीडियाच्या ‘विकिमीडिया कॉमन्स’ या चित्रसंग्रहावरची काही चित्रं स्वतःच्या अधिकारात वगळली. समुदाय भडकला आणि वेल्स यांनी आपले बरेचसे विशेषाधिकार सोडून दिले. २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर परस्पर वर्षभराची बंदी घातली. निषेध म्हणून अनेक प्रचालकांनी अधिकार परत केले. शेवटी समुदायाने निवडलेल्या लवाद समितीने प्रकरण तपासून बंदी उठवली. मात्र त्याचं प्रचालकपद तिने परत दिलं नाही. एकाच निकालात फाउंडेशनलाही उत्तर मिळालं आणि प्रचालकालाही.

खरी उणीव वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. क्रोएशियन विकिपीडियावर एका विचारसरणीच्या गटाने प्रचालकपदं बळकावली. विरोध करणाऱ्यांवर बंद्या आल्या आणि यासेनोवात्स या दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावणीचं क्रौर्य सौम्य करून लिहिलं गेलं. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना तो विकिपीडिया न वापरण्याचा सल्ला दिला. फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार हे किमान २०११ ते २०२० चाललं. नोंदी तेव्हाही उघड्या होत्या! त्या वाचून भांडणारी, आणि भांडून टिकणारी माणसं कमी पडली.

मराठीने इथं कान टवकारायला हवेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आजही त्याचे प्रचालक मोजकेच आहेत. अधिकार काढून घेण्याची सोय स्थानिक पातळीवर नसेल, तर ते काम प्रतिपालक करतात. त्यांना सगळे विकिसमुदाय मिळून निवडतात आणि निवडून यायला किमान ८० टक्के पाठिंबा लागतो. पण प्रतिपालकाला मराठी यायलाच हवी असं नाही. तक्रार मराठी वाचकानेच, पुराव्याच्या दुव्यांसह, चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चापानावर, मांडावी लागते.

आता बाकीचे गैरसमज.

लेखातला मजकूर बहुमताने ठरतो: नाही. स्रोत आणि युक्तिवाद पाहून सहमती घडवायची असते, नुसते हात मोजायचे नसतात.

वादात प्रचालकाचा शब्द वरचढ: नाही. मजकुरापुरता तो इतरांसारखाच एक सदस्य. ज्या वादात आपण स्वतः उतरलो आहोत, तिथं प्रचालकाचे अधिकार वापरू नयेत, असा इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे. क्रोएशियन विकिपीडियावर नेमकं उलट झालं.

तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा: नाही, नाही आणि नाही. विश्वासार्ह स्रोतांत ज्या मताला जितकं वजन, तितकीच त्याला लेखात जागा. म्हणूनच पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांना पृथ्वीवरच्या लेखाचा अर्धा भाग मिळत नाही.