दिवाळीची पाळी, राखीचं बाळंतपण

"शेवटची पाळी कधी आली होती गं?" आशाताई विचारतात. सून जरा आठवून पाहते आणि म्हणते, "दिवाळीत. ऐन लक्ष्मीपूजनाला. बाजूला बसावं लागलं, म्हणून तर लक्षात आहे." इंग्रजी तारीख तिला सांगता येत नाही, आणि त्यानं काही अडतही नाही. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की येतो 8 ऑगस्ट. 2025 ची राखी पौर्णिमा होती 9 ऑगस्टला.

यात योगायोग काही नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर गरोदरपण सरासरी 280 दिवसांचं. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. भागाकार करून पाहा, जवळजवळ साडेनऊ येतात. म्हणजे अमावास्येला पाळी आली असेल तर दिवस भरतात पौर्णिमेच्या आसपास. दिवाळी ते राखी, पोळा ते वटपौर्णिमा. 2024 चा पोळा 2 सप्टेंबरला होता. 280 दिवस पुढे गेलं की 9 जून, आणि वटपौर्णिमा 10 जूनला. मध्ये अधिक महिना आला तर सण बदलतो, हिशेब तोच राहतो. अर्थात नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाच जणीच. बाकीच्या थोड्या अलीकडे, थोड्या पलीकडे. पण आशाताईंच्या वहीला तेवढा अंदाज पुरतो.

अंदाज पुरतो कशाला, तर पावसाची तयारी करायला. गडचिरोलीतल्या भामरागडचं उदाहरण घ्या. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि तालुक्याचा रस्ताच तुटायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलं. दिवाळीत शेवटची पाळी आलेल्या बाईचे दिवस भरणार ऐन पुराच्या मोसमात. हे सहा महिने आधी माहीत असलं तर तिला वेळेत आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात आणून ठेवता येतं. दुर्गम आदिवासी भागासाठी राज्यानं ही सोय केली आहे: बाळंतपणाच्या काही दिवस आधी यायचं, सोबत घरचं माणूस आणायचं, राहायचं, जेवायचं, आणि कळा सुरू झाल्या की चार पावलांवर दवाखाना. कळा सुरू झाल्यावर नदी ओलांडायची वेळ येऊ नये, म्हणून एवढी उठाठेव.

आणि वेळ किती असतो हाताशी? दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, मागोमाग वार सुटते, आणि जिथून ती सुटली तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडीच असतात. ती बंद करायला शरीराकडे टाके नाहीत, बोळा नाही. गर्भाशयाचे स्नायू स्वतःच करकचून आवळतात आणि मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून टाकतात. हे घडताना दिसत नाही म्हणून, नाहीतर सगळ्या गावानं बघायला जमावं असा हा प्रकार आहे. बहुतेकींच्या बाबतीत तो बिनबोभाट पार पडतो. जिच्यात स्नायू ढिले राहतात, ती उपचार न मिळाल्यास दोन तासांच्या आसपास जाऊ शकते. ऑक्सिटोसिनचं एक स्वस्त इंजेक्शन बऱ्याचदा हे टाळतं. मात्र इंजेक्शन तिथे हवं आणि बाई पण तिथे हवी.

1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी या दोन तासांची चिरफाड केली. आई दगावते ती तीन उशिरांमुळे, असं त्यांनी मांडलं. पहिला उशीर दवाखान्यात न्यायचं ठरवण्यात, दुसरा तिथवर पोचण्यात, तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यात. दुसऱ्यासाठी रस्ता आणि 108 ची गाडी लागते, तिसऱ्यासाठी डॉक्टर आणि रक्त. पहिला उशीर मात्र घराच्या ओसरीवर होतो, आणि ओसरीवर ना गाडी चढते ना डॉक्टर.

तिथे कोण चालतं, हे जामखेडला कळलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केलं, तेव्हा गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. पण गावच्या बाया परक्या पोरींशी मोकळं बोलेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन सांगायच्या. 1971 साली त्या गावांत गरोदरपणी तपासणी होणाऱ्या बायका जेमतेम अर्धा टक्का होत्या. पाच वर्षांत त्या 80 टक्क्यांवर गेल्या, आणि बालमृत्यू हजारी 176 वरून 52 वर आले. अक्षर न वाचता येणाऱ्या बायकांच्या या कामावर, ते चालू असतानाच, जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 च्या आपल्या पुस्तकात अख्खं प्रकरण छापलं.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' ही गावची आरोग्य कार्यकर्ती आली, ती याच वाटेनं. साधारण हजार वस्तीमागे एक, आणि अट अशी की ती त्याच गावची रहिवासी हवी, शक्यतो गावची सून. लेक लग्न होऊन निघून जाते, सून राहते, एवढा साधा विचार त्यामागे आहे. सरकारी अटींमध्ये इतकी शहाणी अट मी तरी क्वचित पाहिली आहे.

सून असण्याचा उपयोग कसा होतो, ते रक्तवाढीच्या गोळ्यांवरून बघा. रोज एक, अशा 180 गोळ्या घ्यायच्या असतात. घरोघरी समज असा की गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग अडतं. "आमच्या येळी कुठं होत्या गोळ्या? पाच झाली, घरातच," सासूबाई ऐकवतात. आशाताई म्हणतात, "झाली पाच मावशी, जगली किती?" हाच प्रश्न डॉक्टरांनी केला असता तर भांडण पेटलं असतं. आशाताईंना तो करता येतो, कारण त्यांची स्वतःची सासू पलीकडच्या आळीत राहते आणि तीही हेच म्हणालेली असते. मग त्या सुनेकडे वळतात. "जेवण झाल्यावर घे, मळमळणार नाही. वर चहा नको पिऊस, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं चालेल. शी काळी होईल, घाबरू नको." या चार वाक्यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

पहिली खेप असेल तर सून सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि वहीतून नाव निसटतं. मग आशाताई माहेरच्या आशेला फोन लावतात. बाळंतपण झालं की काम संपत नाही. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाला पाहायचं, वजन करायचं, अंग गार पडलंय का ते बघायचं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं सिद्ध केली आणि 2011 पासून ती देशभर आशांकडे आली.

फळ काय मिळालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशातली 38.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 मध्ये 88.6 टक्के. महाराष्ट्रात 64.6 वरून 94.7. राज्यातले मातामृत्यू 2004-06 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 130 होते, 2018-20 मध्ये 33. सगळं श्रेय आशांना देणं खोटं ठरेल. जननी सुरक्षा योजनेचे पैसे, मोफत बाळंतपण, गाड्या, रस्ते, मुलींचं शिक्षण, सगळ्यांचा हात आहे. तिसरा उशीर तर आशाताईंच्या हातातच नाही: रात्री दोन वाजता त्या बाईला दारापर्यंत आणतील, आत भूलतज्ज्ञ नसेल तर काय करणार?

जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2022 मध्ये देशातल्या सुमारे दहा लाख आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. महाराष्ट्रातल्या आशांना मात्र मोबदला वाढवून घ्यायला संप करून आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा 2024 मध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ मिळाली. सरकारी कागदावर त्या अजूनही स्वयंसेविका आहेत. वेळी-अवेळी गाडीत बसून जाणाऱ्या, वीस नोंदवह्या सांभाळणाऱ्या बाईला स्वयंसेविका म्हणणं ही शुद्ध कंजुषी आहे. तिला कर्मचारी म्हणा आणि पगार द्या.